दोघांची हवा, एकच डाइव्ह

डायव्हिंगच्या सुट्टीचा बेत ठरला की पहिली खडाजंगी होते ती ठिकाणावरून. मालदीव की पलाऊ, राजा अम्पात की बोनेर? फोटो पाहून पाहून दोघांचेही डोळे दिपलेले असतात. पण हा प्रश्न बराच नंतरचा आहे. आधी एकमेकांना विचारायचं ते हे : दोघांपैकी पाण्यात कमी वेळ टिकणारं कोण? कुणाच्या कानाला लवकर दडे बसतात, कुणाला थंडी आधी वाजते, कुणाला बोट लागते, कुणाचा सिलिंडर आधी रिकामा होतो? बडी-जोडी, म्हणजे पाण्याखाली एकमेकांवर लक्ष ठेवणारे दोघे, पाण्यात एकत्र उतरते आणि एकत्रच वर येते. एकाची हवा संपत आली की दुसऱ्याच्या सिलिंडरमध्ये कितीही शिल्लक असो, डाइव्ह तिथेच संपली. त्यामुळे अनुभवी जोडीदाराच्या हौसेवर आखलेला बेत हमखास फसतो. नवख्याच्या कलाने आखलेल्या सुट्टीत मात्र दोघांच्याही वाट्याला समुद्र जास्त येतो.

हवेचं गणित एकदा आकड्यांत मांडून पाहण्यासारखं आहे. बहुतेक ठिकाणी मिळतो तो अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर ११.१ लिटरचा असतो आणि तो २०० बार दाबाने भरलेला असतो. त्यातले ५० बार राखून वर यायचं, म्हणजे वापरायला उरले १५० बार. ११.१ गुणिले १५०, साधारण १६६५ लिटर हवा. पृष्ठभागावर दाब एक बार असतो आणि समुद्रात दर १० मीटरला तो आणखी एका बारने वाढतो. म्हणून २० मीटर खोलीवर तो ३ बार असतो आणि प्रत्येक श्वासाला पृष्ठभागापेक्षा तिप्पट हवा खर्च होते. समजा ती सरावलेली आहे, शांतपणे श्वास घेते, पृष्ठभागावरच्या हिशेबाने मिनिटाला १४ लिटर. २० मीटरवर तिला मिनिटाला ४२ लिटर लागतील आणि ती साधारण ३९ मिनिटं राहू शकेल. तो नवखा आहे, हातपाय जास्त मारतो, छातीत थोडी धडधड आहे, मिनिटाला २२ लिटर घेतो. २० मीटरवर त्याचे ६६ लिटर होतात आणि २५ मिनिटांत खेळ आटोपतो. बोटीवर परत येताना तिच्या चेहऱ्यावर जे काही दिसतं, ते या १४ मिनिटांचं असतं.

आता हीच जोडी १० मीटरवर न्या. तिथे दाब २ बार, त्याचा खर्च मिनिटाला ४४ लिटर, आणि तोच सिलिंडर त्याला ३८ मिनिटं पुरतो. म्हणजे तिला २० मीटरवर जितका वेळ मिळत होता, जवळजवळ तितकाच. शिवाय त्या खोलीवर बघायला काही कमी नसतं, उलट जास्तच असतं. पाणी तांबडा रंग पहिल्या पाच-सहा मीटरमध्येच गिळायला लागतं. २० मीटरच्या खाली टॉर्च नसेल तर लालभडक प्रवाळही निळसर राखाडी दिसतं. उन्हात न्हालेला, माशांनी गजबजलेला प्रवाळाचा भाग ५ ते १२ मीटरमध्ये सापडतो. खोली हा डायव्हिंगमधला सर्वांत फसवा मोठेपणा आहे.

खोल जायचंच असेल तर त्याच्यासाठी १५ लिटरचा सिलिंडर मागून घ्यावा. १५ गुणिले १५० म्हणजे २२५० लिटर. २० मीटरवर २५ मिनिटांची ३४ होतात. पुष्कळ डाइव्ह सेंटरांकडे असे सिलिंडर असतात, पण मोजकेच, म्हणून आधी ईमेलवर सांगून ठेवायचं. मोठा सिलिंडर घेण्यात कमीपणा वाटून घेणारे लोक भेटतात. ते दुसऱ्याची सुट्टी खात असतात, एवढं त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

आणि हवा जास्त का लागते याचं उत्तर बहुतेक वेळा फुप्फुसांत नसतं, कमरेच्या पट्ट्यात असतं. नवख्याला पटकन बुडता यावं म्हणून गाइड दोन किलो शिसं जास्त देतो. ते पेलण्यासाठी बीसीडी जॅकेटमध्ये, म्हणजे हवा भरून तरंगणं सांभाळणाऱ्या जॅकेटमध्ये, जास्त हवा भरावी लागते. छाती वर, पाय खाली असं शरीर तिरकं होतं, आणि असा तिरका माणूस पुढे सरकताना पाण्याशी झुंजत राहतो. ती झुंज हवा खाते. वजन तपासायला पाच मिनिटं लागतात. पूर्ण सामान चढवून, रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारं साधन) तोंडात ठेवून, जॅकेट रिकामं करायचं आणि नेहमीसारखा श्वास घेऊन तो धरून उभं तरंगायचं. पाण्याची रेघ डोळ्यांशी यायला हवी आणि श्वास सोडल्यावर सावकाश खाली जायला हवं. ही तपासणी भरलेल्या सिलिंडरने केली तर दोन किलो वाढवायचं, कारण डाइव्हच्या शेवटापर्यंत तेवढ्या वजनाची हवा वापरून झालेली असते आणि रिकामा होत आलेला अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर माणसाला वर ओढायला लागतो. तलावात शिकताना लावलेलं वजन समुद्रात पुरत नाही. खारं पाणी जास्त तोलून धरतं, त्यामुळे दोन-तीन किलो आणखी लागतात. वेटसूटची (ऊब टिकवणाऱ्या रबरी पोशाखाची) जाडी, सिलिंडरचा प्रकार आणि लागलेलं वजन, या तीन गोष्टी दोघांनीही आपापल्या लॉगबुकात, म्हणजे डाइव्हच्या नोंदवहीत, लिहून ठेवाव्यात. पुढच्या वेळी अंदाजपंचे सुरुवात करावी लागत नाही.

कागदपत्रांचं काम तिकिटं काढायच्या आधीचं. प्रत्येक डाइव्ह सेंटर आरोग्याची प्रश्नावली भरून घेतं. दमा, हृदयविकार, फिट येणं, मधुमेह, कानाची किंवा सायनसची शस्त्रक्रिया, फुप्फुस फाटून छातीत हवा साचणं, असले प्रश्न त्यात असतात. काही उत्तरं ‘हो’ आली की डॉक्टरांची सही असल्याशिवाय पाण्यात उतरू देत नाहीत. लोक तो फॉर्म बेटावर पोचल्यावर पहिल्यांदा वाचतात. मग खरं लिहिलं तर आठ दिवस किनाऱ्यावर बसायची पाळी येते, आणि खोटं लिहिलं तर विम्यापासून जिवापर्यंत सगळंच पणाला लागतं. दोन महिने आधी दोघांनी तो शांतपणे भरावा आणि गरज असेल तर डायव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरांना गाठावं.

जोडप्यांच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी : दिवस राहिले असतील, किंवा राहिल्याची नुसती शंका असेल, तरी डायव्हिंग नाही. डाइव्हनंतर रक्तात तयार होणारे नायट्रोजनचे बारीक बुडबुडे मोठ्या माणसाची फुप्फुसं गाळून टाकतात. गर्भाचं रक्त फुप्फुसांना वळसा घालून फिरतं, तिथे ही गाळणी नसते. मूल हवं म्हणून प्रयत्न चालू असतील तर उथळ पाण्यात स्नॉर्केलिंग, म्हणजे पृष्ठभागावर तरंगत नळीने श्वास घेत खाली बघणं, होईल अशी जागा निवडावी आणि डायव्हिंग पुढे ढकलावं. औषधांचंही तसंच. मलेरियाच्या प्रदेशात जाताना मेफ्लोक्विन नको म्हणून डॉक्टरांना सांगावं. त्याने चक्कर येते, मन अस्वस्थ होतं, आणि डीकम्प्रेशनचा, म्हणजे या बुडबुड्यांमुळे होणारा, त्रास कोणता नि गोळीचा कोणता हे कळेनासं होतं.

सर्टिफिकेट दोघांचं वेगवेगळ्या पातळीचं असेल तर मर्यादा खालच्या पातळीची. ओपन वॉटरला, म्हणजे पहिल्या पातळीला, १८ मीटर (वरचे २० मीटर हिशेबापुरतेच), पुढच्या अ‍ॅडव्हान्स्डला ३०, आणि हौशी डायव्हिंगची शेवटची रेघ ४० मीटरवर. एकाकडे सर्टिफिकेटच नसेल तर तिथे जाऊन कोर्स करू, असं सहज म्हटलं जातं. ओपन वॉटरचा कोर्स तीन ते चार दिवसांचा असतो. त्यातला अर्धा वेळ वर्गात आणि तलावात जातो. म्हणजे सुट्टीचा अर्धा भाग एक जण परीक्षेचा अभ्यास करणार आणि दुसरा एकटा डाइव्ह मारून येणार. त्यापेक्षा थिअरी ऑनलाइन आणि तलावातले धडे निघायच्या आधी घरी उरकून घ्यावेत. मग तिथे फक्त समुद्रातल्या चार डाइव्ह उरतात, दोन दिवसांचं काम. याला रेफरल म्हणतात आणि तो कागद साधारण वर्षभर चालतो. कोर्समध्ये २०० मीटर पोहणं, वेळेची अट नाही, आणि १० मिनिटं तरंगणं असतं. हे जमतं का, तेही आधीच कळतं.

पोहता येणाऱ्यालाही पाण्याखाली श्वास घेताना जीव घाबरा होऊ शकतो. ते बुकिंगनंतर कळण्यापेक्षा जवळच्या तलावात एखादी ट्राय डाइव्ह करून आधी कळलेलं बरं. आणि एक विनंती : नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला डायव्हिंग शिकवायला जाऊ नये. मास्कमध्ये पाणी भरून ते काढायचा धडा चालू असताना समोर अनोळखी इन्स्ट्रक्टर असणं संसारासाठी चांगलं.

आता ठिकाण. उष्णकटिबंधात पाणी वर्षभर उबदार असतं, पण समुद्र वर्षभर सारखा नसतो. मालदीवमध्ये डिसेंबर ते एप्रिल पाणी नितळ आणि वारा कमी. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या महिन्यांत पाणी गढुळतं, पण ते गढूळपण प्लवकांचं असतं आणि प्लवकांमागे मांटा रे, म्हणजे पंखांसारखे कल्ले असलेले अवाढव्य मासे, येतात. बा अ‍ॅटॉलमधल्या (अ‍ॅटॉल म्हणजे प्रवाळाचा कंकणाकृती बेटसमूह) हनिफारू उपसागरात या काळात मांटांची अक्षरशः जत्रा भरते. तिथे स्कूबाला मनाईच आहे, फक्त स्नॉर्केल. एक जण डायव्हर आणि एक जण नाही, अशा जोडीला याहून सोयीचा नियम कुठला असणार! थायलंडची सिमिलान बेटं मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतात. कॅरिबियनमध्ये जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा हंगाम, मात्र बोनेर त्या पट्ट्याच्या दक्षिणेला असल्याने सहसा सुटतं. इंडोनेशियातल्या राजा अम्पातला ऑक्टोबर ते एप्रिल जावं आणि कोमोडोला साधारण एप्रिल ते नोव्हेंबर. एकाच देशातल्या दोन जागा, पण हंगाम जवळजवळ उलटे.

हंगाम सगळेच बघतात, चंद्र कुणी बघत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. भरती-ओहोटीतला फरक वाढतो आणि बेटांमधल्या अरुंद वाटांतून पाणी धो-धो वाहतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा प्रवाहाची ओढ कमी. कोमोडोसारख्या ठिकाणी किंवा मालदीवच्या कंडूंमध्ये, म्हणजे अ‍ॅटॉलच्या कडेला असलेल्या खिंडींमध्ये, हा फरक फार मोठा असतो. ओढ आत येणारी असेल तर बाहेरचं स्वच्छ पाणी घेऊन येते आणि खिंडीच्या तोंडाशी शार्क जमतात. तीच ओढ बाहेर जाणारी असेल तर डायव्हरला उघड्या समुद्रात घेऊन जाते. अनुभवी लोक त्या ओढीसाठीच जातात, पॅसिफिक महासागरातल्या पलाऊच्या ब्लू कॉर्नरला खडकात आकडा अडकवून पतंगासारखे उभे राहतात. पण ज्याच्या नावावर जेमतेम दहा डाइव्ह आहेत, त्याचा सिलिंडर तिथे वीस मिनिटांत संपेल आणि मनातून डायव्हिंगही जाईल. अशा जोडीने तारखा ठरवताना पंचांग उघडून पहिले चार-पाच दिवस भांगाचे येतील असं बघावं. याला खर्च शून्य आहे.

दोघांनाच, गटाबिटाशिवाय, स्वतःच्या चालीने डायव्हिंग करायचं असेल तर बोनेरसारखी जागा नाही. वाऱ्याच्या आडोशाचा किनारा, रस्त्याकडेला पिवळे रंगवलेले दगड हीच डाइव्हच्या जागांची खूण, गाडी उभी करायची, सामान चढवायचं आणि चालत पाण्यात शिरायचं. पहिल्या दिवशी तिथल्या सागरी उद्यानाचं माहितीसत्र आणि एक चाचणी डाइव्ह करावीच लागते. हातमोजे चालत नाहीत. मात्र गाइड नसल्याने दिशा, हवा आणि वेळ दोघांनाच सांभाळावं लागतं. पाण्याशी प्रवाळाचे मोडके तुकडे असतात, त्यावरून चालायला जाड तळव्याचे बूट आणि मागे पट्टा असलेले फिन्स हवेत, पायमोज्यासारखे चढवायचे फिन्स कामाचे नाहीत.

एक डायव्हर आणि एक बिगर-डायव्हर असेल, तर ज्या रिसॉर्टला स्वतःचं हाऊस रीफ आहे, म्हणजे किनाऱ्यावरून पोहतच प्रवाळापर्यंत जाता येतं, तेच निवडावं. एक जण ८ मीटरवर आणि दुसरा त्याच्या डोक्यावर स्नॉर्केल लावून, असं दोघंही तोच कासव बघू शकतात. लिव्हअबोर्ड, म्हणजे आठवडाभर बोटीवरच राहून दिवसाला तीन-चार डाइव्ह, ही दोघांचीही सारखी भूक असेल तरच. नाहीतर एक जण डेकवर बसून पाच दिवस डिझेलचा वास घेतो. जायचंच ठरलं तर केबिन बोटीच्या मध्यावर आणि खालच्या डेकवर मागावी, तिथे हेलकावे सर्वांत कमी. पण तीच केबिन इंजिनच्या भिंतीला लागून नाही ना आणि आत एकावर एक बर्थ आहेत की जोडपलंग, हेही विचारून घ्यावं. बोट लागत असेल तर गोळी आदल्या रात्री आणि पुन्हा निघायच्या तासभर आधी घ्यावी. कुठली गोळी आपल्याला पेंगुळवते ते घरीच घेऊन बघावं, कारण पेंगुळलेल्या माणसाने खाली उतरू नये. पाण्याखाली उलटी आलीच तर ती रेग्युलेटरमधूनच करायची असते. तो दातांत धरून ठेवायचा, मग पर्जचं, म्हणजे हवा जोरात सोडणारं, बटण दाबून साफ करायचा. तोंडातून काढला की पुढचा श्वास पाण्याचा. मासे मात्र खूश होतात.

डाइव्ह सेंटरला लिहिताना फोटो मागण्यापेक्षा चार गोष्टी विचाराव्यात. एका गाइडमागे किती डायव्हर (चारच्या पुढे आकडा गेला की नवख्याकडे कुणाचं लक्ष राहत नाही), बोटीवर ऑक्सिजनचा संच आहे का, जवळचं रीकम्प्रेशन चेंबर, म्हणजे डीकम्प्रेशनवर उपचार करायची वाढीव दाबाची खोली, किती तासांवर आहे, आणि डायव्हर खाली असताना बोट वर थांबते का. उत्तरं टाळाटाळीची आली तर पुढचं सेंटर बघावं. नेहमीच्या प्रवास विम्यात डायव्हिंग बऱ्याचदा वगळलेलं असतं, किंवा अमुक खोलीपर्यंतच धरलेलं असतं. चेंबरचे उपचार आणि बेटावरून विमानाने हलवणं, हे दोन खर्च पॉलिसीत शब्दांनिशी आहेत का ते वाचावं. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही संस्था १९८० पासून डायव्हरांच्या सुरक्षिततेच्या कामात आहे. तिचा किंवा तशाच दुसऱ्या डायव्हिंग विम्याचा विचार दोघांसाठी वेगवेगळा करावा.

सामानाच्या बाबतीत जड वस्तू भाड्याने आणि तोंडाला-कानाला लागणाऱ्या वस्तू स्वतःच्या, हे सूत्र पुरतं. मास्क ही सर्वांत महत्त्वाची खरेदी आहे आणि ती दुसऱ्याने भेट म्हणून करू नये. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवायचा आणि नाकाने हवा आत ओढायची. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर माप बरोबर. मिशी असेल तर नाकाखालची पट्टी थोडी कातरून घ्यावी, नाहीतर तिथून झिरपत राहतं. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातून आलेला सिलिकॉनचा पातळ थर असतो, त्यामुळे काच सारखी धुकटते. पांढरी टूथपेस्ट बोटावर घेऊन आतून दोन-तीनदा चोळून धुतली की तो जातो. चष्मा असेल तर नंबरच्या काचा आधीच बसवून घ्याव्यात.

डाइव्ह कॉम्प्युटर दोघांना दोन. यात काटकसर करून चालत नाही, कारण दोन मीटर वर-खाली राहणाऱ्या दोन माणसांच्या शरीरात नायट्रोजन सारखा मुरत नाही, आणि एकाच्या मनगटावरचा आकडा दुसऱ्याचा नसतो. तसाच सिग्नल बोया, म्हणजे पृष्ठभागावर फुगवून सोडायची नारिंगी नळी, आणि शिट्टी दोघांकडे वेगळी हवी. ओढीत ताटातूट झाली तर ज्याच्याकडे ती नाही तोच बोटीला दिसत नाही. स्वतःचा रेग्युलेटर नेणार असाल तर त्याचा सिलिंडरला बसणारा जोड डिन प्रकारचा आहे की योक प्रकारचा ते बघून अडॅप्टर बरोबर घ्यावा. टॉर्च आणि कॅमेऱ्याच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत. समुद्रविमानाने जायचं असेल तर सामानाची मर्यादा साधारण २० किलोंची असते, दोघांचे फिन्स आणि वेटसूट त्यातच बसवायचे.

वेटसूट ३ मिलिमीटरचा पुरेल असं २८ अंशांच्या पाण्यासाठी सगळे सांगतात. पहिल्या दिवशी पुरतोही. पण पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता काढून घेतं, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंगकाठीने बारीक असलेला जोडीदार चाळिसाव्या मिनिटाला कुडकुडायला लागतो. त्याला ५ मिलिमीटरचा द्यावा किंवा आतून हूड असलेलं बनियन. थंडी वाजली की श्वास वाढतो, आणि हिशेब पुन्हा सिलिंडरवर येतो. सनस्क्रीनबद्दल पलाऊने १ जानेवारी २०२० पासून ऑक्सिबेन्झोनसारखी प्रवाळाला घातक रसायनं असलेल्या क्रीमवर बंदी घातली आहे. लांब बाह्यांचा रॅशगार्ड घातला तर प्रश्नच बराचसा मिटतो.

नायट्रॉक्सचा, म्हणजे ऑक्सिजन वाढवलेल्या हवेचा, कोर्स करावा का, हा हटकून येणारा प्रश्न. ३२ टक्के ऑक्सिजनच्या मिश्रणात नायट्रोजन कमी असतो, म्हणून १८ मीटरवर साध्या हवेने तक्त्याप्रमाणे जिथे ५६ मिनिटं मिळतात तिथे दीड तासाच्या आसपास मिळतात. कागदावर हे फार छान दिसतं. पण ज्याचा सिलिंडरच तिसाव्या मिनिटाला रिकामा होतो, त्याला त्या वाढीव वेळेचा काय उपयोग? शिवाय एक नायट्रॉक्सवर आणि एक हवेवर असेल तर खोलीची मर्यादा नायट्रॉक्सची, ३२ टक्क्यांना ३३ मीटर, आणि वेळेची मर्यादा हवेची. दोन्ही बंधनं एकत्र. दोघांचा श्वास सुधारला की मग दोघांनी मिळून करावा.

पोचल्याच्या दिवशी डाइव्ह नको. रात्रभराच्या विमानप्रवासात शरीर कोरडं पडलेलं असतं, झोप झालेली नसते, आणि दोन्ही गोष्टी डीकम्प्रेशनच्या बाजूने काम करतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ८-१० मीटरवर एक सोपी डाइव्ह, वजन ठरवण्यासाठी. सहा महिन्यांहून जास्त खंड पडला असेल तर रिफ्रेशर, म्हणजे उजळणीचा धडा, घ्यावा. पुढचे दिवस सकाळी दोन डाइव्ह, आधी खोल मग उथळ, मध्ये किमान तासभर विश्रांती, दुपार रिकामी. चौथा किंवा पाचवा दिवस पूर्ण कोरडा ठेवावा. हा दिवस कानांसाठी असतो. सतत ओल्या राहिलेल्या कानाच्या आतली त्वचा फुगते आणि बाहेरच्या कानाला संसर्ग होतो. प्रत्येक डाइव्हनंतर गोड्या पाण्याने कान धुऊन कोरडे करणं यासाठीच. सर्दी असेल तर सरळ सुट्टी. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरलं आणि तिचा अंमल खालीच संपला, तर वर येताना हवा कानात अडकते. ते दुखणं उतरतानाच्या दुखण्यापेक्षा वाईट, कारण तिथे थांबून राहता येत नाही, सिलिंडर संपत असतो.

पाण्याखालची खरी परीक्षा पहिल्या तीन मिनिटांत होते. अनुभवी जोडीदार डोकं खाली करून सुळकन ६ मीटरवर जातो आणि वर बघत थांबतो. वर दुसरा नाक दाबून फुंकत असतो, कान सुटत नाहीत, खाली कुणीतरी वाट बघतंय म्हणून तो जोर लावतो, आणि पडद्याला इजा होते. दोघांनी दोरी धरून, पाय खाली ठेवून, समोरासमोर उतरावं, आणि वेग ज्याचे कान अवघड त्याचा. दर अर्ध्या मीटरला, दुखायच्या आधी, हलकेच कान मोकळे करायचे. अडलं तर मीटरभर वर जायचं, पुन्हा प्रयत्न. जोर कधीच नाही. तेवढी हवा वाया गेली तरी चालेल.

उतरायच्या आधीची एकमेकांची तपासणी जोडपी फार लवकर सोडून देतात. ‘आपलंच माणूस आहे’ म्हणून. रेग्युलेटरमधून चार श्वास घेताना नजर दाबमापकावर ठेवावी. काटा स्थिर राहिला तर ठीक. प्रत्येक श्वासाला तो खाली जाऊन परत येत असेल तर सिलिंडरची चावी नीट उघडलेली नाही. पृष्ठभागावर श्वास येतो, २० मीटरवर येत नाही. ही तपासणी ज्याने त्याने स्वतः करायची आणि दुसऱ्याने बघायची. जोडीदाराचं सगळं सामान प्रेमाने आपणच लावून देणं बंद करावं. ज्याला स्वतःचा पट्टा कुठे सुटतो हे माहीत नाही, तो संकटात तुमच्यावरच चढतो.

खुणा बोटीवर पक्क्या कराव्यात. अंगठा वर म्हणजे ‘छान’ नव्हे, ‘वर चल’. १०० बारला एकमेकांना दाखवायचं, ५० राखून पृष्ठभागावर यायचं, त्यात ५ मीटरवर ३ मिनिटांचा थांबा धरून. पोहायचं एकमेकांच्या शेजारी. पुढे-मागे पोहणाऱ्या जोडीत पुढचा सतत मान वळवतो आणि मागचा नुसता फिन्स बघतो. दिसेनासे झालात तर एक मिनिट शोधायचं आणि मग सावकाश वर. दोघांपैकी कुणीही, कधीही, कारण न सांगता डाइव्ह थांबवू शकतो, आणि वर आल्यावर कारण विचारायचं नाही, निदान जेवण होईपर्यंत तरी.

परतीची वेळ विमान ठरवतं. केबिनमधला दाब २४०० मीटर उंचीइतका कमी असू शकतो, आणि शरीरात उरलेला नायट्रोजन तिथे बुडबुडे धरू शकतो. एकाच डाइव्हनंतर १२ तास, अनेक दिवस रोज डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास थांबायचं. तिकिटं काढताना २४ तास धरले की शेवटच्या दिवशी घड्याळ बघावं लागत नाही. हा नियम डोंगरालाही लागू आहे. हवाईत सकाळी डाइव्ह करून दुपारी ४२०० मीटरहून उंच मौना कीवर गाडीने जाणं म्हणजे तेच विमान जमिनीवरून पकडणं. ज्वालामुखी, हेलिकॉप्टर, उंचावरच्या झिपलाइन डाइव्हच्या आधी तरी कराव्यात किंवा पूर्ण दिवस सोडून. त्या दिवसात सांधे दुखणं, मुंग्या येणं, अंगावर ठिपक्यांचे चट्टे, न शोभणारा थकवा, यातलं काही जाणवलं तर ‘सामान उचलून झालं असेल’ म्हणून झोपू नये. सेंटरला फोन, ऑक्सिजन, आणि विमान रद्द.

एरवी विमानाआधीचा हा कोरडा दिवस सामान वाळवायला पुरतो. जॅकेटमध्ये गोडं पाणी भरून हलवायचं आणि उलटं टांगायचं. वेटसूट आतली बाजू बाहेर काढून सावलीत. रेग्युलेटर पाण्यात बुडवायच्या आधी फर्स्ट स्टेजचं, म्हणजे सिलिंडरला जोडायच्या भागाचं, झाकण कोरडं करून घट्ट बसवायचं आणि धुताना पर्जचं बटण दाबायचं नाही. दाबलं की झडप उघडते, पाणी नळीतून वर चढतं आणि पुढच्या सर्व्हिसिंगला आतून गंज निघतो.